भिंतीवरची जाहिरात आणि शुक्रवारची मीटिंग

कुठल्याही तालुक्याच्या एसटी स्टँडवर जा, मुतारीच्या भिंतीवर नाहीतर लाइटच्या खांबावर ती जाहिरात असतेच. ‘पेशंटला न सांगता दारू सोडवा.’ खाली एक मोबाइल नंबर. जुनी पावसाने निम्मी सोललेली असते आणि तिच्यावरच नवीन चिकटवलेली असते, म्हणजे धंदा चालू आहे, गिऱ्हाईक येतंय. लहानपणापासून बघत आलेय मी ही जाहिरात पण आता तिच्यासमोरून जाताना खरंच राग येतो, कारण ज्याची दारू सोडवायची त्यालाच त्यातून वगळायचं हा जो काही प्रकार आहे ना, तो आमच्या घराने बरीच वर्षं केलाय आणि त्याचे हाल सगळ्यांनी भोगलेत.

आमच्या आईने ती पावडर मागवली होती. शेजारच्या काकूंनी नंबर दिला, पैसे आधी भरायचे, मग पार्सल. आमटीत घालायची, वास नाही, चव नाही. चौथ्या का पाचव्या दिवशी दादा बाहेरून पिऊन आला आणि ओट्यावर बसल्याबसल्या त्याचं तोंड लालबुंद झालं, छाती धडधडायला लागली, उलट्या थांबेनात, आणि डोळे पांढरे करून तो आईलाच म्हणतोय, आई मला काहीतरी होतंय गं. रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेला. आईने पदरातून ते पाकीट काढून टेबलावर ठेवलं. त्याच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं पण लक्षणांवरून डॉक्टरांना अंदाज आला, बहुतेक डायसल्फिरॅम असणार. हे औषध खरं तर चांगलं आणि जुनं आहे. दारू शरीरात गेली की तिचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं आणि मग ते पुढे पचतं, डायसल्फिरॅम घेतलं की ते पुढचं पचणं अडतं आणि विष साचत जातं, म्हणून माणसाला प्यायल्यावर असं होतं. पेशंटला सगळं समजावून, त्याच्या लिव्हरच्या नि हार्टच्या तपासण्या करून, त्याच्या मर्जीने दिलं तर ते त्याला स्वतःला धरून ठेवायला मदत करतं. चोरून दिलं आणि त्याला आधीच हार्टचा त्रास असला तर माणूस जाऊ शकतो. डॉक्टर आईला एवढंच म्हणाले, मावशी, त्याला माहीत नसताना त्याला औषध द्यायचं नाही, कधीच नाही. आई त्या दिवसापासून आमटी ढवळताना पण रडायची.

दादाचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. पंचक्रोशीतल्या विहिरींवरच्या मोटारी, बोअरच्या सबमर्सिबल, पिठाच्या गिरण्यांच्या, सगळ्या त्याच्याकडे. मार्च ते मे श्वास घ्यायला वेळ नसतो कारण शेतकऱ्याची मोटार जळाली की त्याचा ऊस उभा वाळतो, त्याला आजच्या आज पाहिजे असते. हे काम हाताचं आहे. जुनी जळकी तार काढायची, प्रत्येक खाचेत इन्सुलेशनचा कागद बसवायचा, मग केसासारखी तांब्याची तार मोजून मोजून गुंडाळून कॉइल करायची आणि ती खाचेत एकेक पदर दाबत भरायची, कुठे वार्निश खरवडलं तर परत शॉर्ट. दादाचा हात इतका सफाईदार होता की साताऱ्याहून माणसं मोटार घेऊन यायची. आणि मग एक वेळ अशी आली की सकाळी त्याचा हात थरथरायचा, तार तुटायची, आणि नाइन्टी मारल्याशिवाय हात धरायचाच नाही. लोकांना वाटायचं दारूने हात थरथरतोय. उलटं होतं ते, दारू उतरली म्हणून थरथरत होता आणि दारू पोटात गेली की थांबत होता. सकाळी सातला उघडणाऱ्या दुकानदाराच्या तोंडाला दारूचा वास येतो याचा अर्थ तो मजा मारतोय असा नसतो, त्याला फक्त नॉर्मल व्हायचं असतं, हे मला फार उशिरा कळलं आणि कळल्यावर त्याच्याकडे बघायची नजरच बदलली.

‘मनावर घेतलं तर सुटेल.’ हे वाक्य आमच्याकडे मामापासून तलाठ्यापर्यंत सगळ्यांनी म्हटलं. त्याने मनावर घेतलं नव्हतं असं कुणी म्हणू नये. देव्हाऱ्यापुढे शपथ घेतली, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून घेतली, आणि त्या प्रत्येक वेळी तो खरं बोलत होता. एकदा तर स्वतःच म्हणाला मला खोलीत कोंडा, बाहेरून कडी लावा. कोंडला. तिसऱ्या दिवशी तो भिंतीवरच्या मुंग्या झाडायला लागला, भिंतीवर एकही मुंगी नव्हती. घाम, ताप, कुणाशी तरी मोठमोठ्याने बोलणं. घरातल्या वडीलधाऱ्यांनी ठरवलं हे बाहेरचं आहे, देवऋषी बोलावला, लिंबू उतरवलं. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली की दोन ते चार दिवसांत असा भ्रम होऊ शकतो, फिट येऊ शकते, आणि वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर त्यात जीव जाऊ शकतो. लिब्रियमसारखी गोळी डॉक्टर हळूहळू कमी करत देतात, थायमिन या व्हिटॅमिनची इंजेक्शनं देतात, आणि आठवडाभरात तो टप्पा पार पडतो. म्हणजे ज्या गोष्टीसाठी दवाखान्यातला एक बेड पुरला असता तिथे आम्ही लिंबू कापत बसलो होतो. तुमच्या घरात कुणी रोजचा पिणारा असेल आणि तो एकदम बंद करतो म्हणाला तर कृपा करून आधी डॉक्टरकडे न्या, कौतुक नंतर करा.

आणि माळ. हे सांगायलाच पाहिजे, कारण आमच्या भागात दारू सोडायचा सगळ्यात मोठा मार्ग म्हणजे गळ्यात तुळशीची माळ घालणं. दादाने पण घातली होती, तीनेक महिने टिकली. पण आमच्याच आळीतला एक जण माळ घालून कायमचा सुटला, आज म्हातारा झालाय, अजून ग्लासाला शिवलेला नाही. मी बरेच दिवस विचार करत होते की एकच माळ, एकाला लागू पडली आणि एकाला नाही, असं का. मग लक्षात आलं की तो रोज संध्याकाळी मंदिरात हरिपाठाला जात होता. म्हणजे जी पिण्याची वेळ, बरोबर त्या वेळेला तो टाळ घेऊन पंधरा माणसांच्यात उभा असायचा, एकादशीला भजन, आषाढीला दिंडी, एक दिवस नाही आला तर कुणीतरी घरी बघायला यायचं. दादाने माळ घातली आणि घरी बसला. त्याच्या गळ्यात माळ होती पण संध्याकाळी साडेसातला त्याच्या शेजारी कुणी नव्हतं.

दादा शेवटी पुण्याला मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात गेला तेव्हा मला हीच गोष्ट तिथे वेगळ्या रूपात दिसली. मुक्तांगण कसं सुरू झालं ते बऱ्याच जणांना माहीत असेल तरी सांगते. ऐंशीच्या दशकात ब्राऊन शुगर, म्हणजे गर्द, मुंबई-पुण्यात पसरली होती, पोरं मरत होती. अनिल अवचटांनी त्या पोरांमध्ये फिरून लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, या मुलांसाठी काहीतरी करा म्हणून त्यांनी एक लाख रुपये दिले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या, त्याच आवारात जागा मिळाली आणि २९ ऑगस्ट १९८६ ला केंद्र चालू झालं. लेखक लिहितो, दुसरे लेखक पैसे देतात, सरकारी दवाखाना जागा देतो आणि एक डॉक्टर बाई रोजचं काम अंगावर घेते, आपल्या महाराष्ट्रात हे घडलेलं आहे याचा मला फार अभिमान वाटतो. पेशंट त्यांना मॅडम म्हणायचे आणि अवचटांना बाबा. मॅडम १९९७ मध्ये कॅन्सरने गेल्या, बाबा २७ जानेवारी २०२२ ला गेले, आणि आता त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर केंद्राचं काम बघते. बायकांसाठी निशिगंध नावाचा वेगळा विभाग आहे. पिणारी बाई ही गोष्ट आपण तोंडातूनसुद्धा काढत नाही, तिला तर बिचारीला लपायलाच जास्त जागा असते आणि मदतीला कमी.

दादाला त्याआधी एका दुसऱ्या केंद्रात ठेवला होता, नाव नाही घेत. तिथे मारायचे. तक्रार केली तर जेवण बंद. आम्हाला भेटू द्यायचे नाहीत, फोनवर सांगायचे पेशंट छान आहे. आला तेव्हा पाठीवर वळ होते आणि पहिल्याच संध्याकाळी तो प्यायला गेला. मला त्याचं जराही आश्चर्य वाटलं नाही. पेशंटला साखळीने बांधून ठेवायला २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने स्पष्ट बंदी आहे, मारहाण तर गुन्हाच आहे, तरी घरचे लोक थकलेले असतात, काही करा पण सोडवा म्हणतात, आणि त्यावर अशी ठिकाणं चालतात. जाहिरातीतली पावडर आणि हे मारणं, मला दोन्ही एकाच माळेचे मणी वाटतात. दोन्हीत माणसाला विचारायचं नाही.

मुक्तांगणमध्ये पस्तीस दिवस. पहिले काही दिवस औषधं, झोप, खाणं, अंगातली दारू उतरणं. मग एक दिनक्रम लागतो, पहाटे उठणं, योगासनं, साफसफाईची कामं आपापली, गटात बसणं, बोलणं. दादा बोलणारा माणूसच नाही. पण त्याला जो कौन्सेलर मिळाला तो स्वतः तिथलाच जुना पेशंट होता. तिथे काम करणाऱ्यांत असे कितीतरी आहेत, तो आजार स्वतःच्या अंगावर काढून आलेले. दादा मला म्हणाला, अगं तो मला माझ्या खोट्या गोष्टी माझ्या आधी सांगायचा. म्हणजे उधारी कुठे लपवतो, बाटली कुठे ठेवतो, बायकोला कुठलं कारण देतो, सगळं. सबमर्सिबलच्या पाइपात बाटली ठेवायची आयडिया दादाला स्वतःची वाटत होती, तिकडे त्याला कळलं की प्रत्येक पिणाऱ्याचा असा एक पाइप असतो. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणीतरी भेटलं ज्याच्यापुढे लाज वाटायचं कारणच नव्हतं.

त्यातच वहिनीला बोलावणं आलं. ती चिडली होती, प्यायला तो, शिकायला मी का जाऊ. तिचं बरोबरच होतं. पण तिथे सहचरी म्हणून पेशंटच्या बायकांचा गट आहे, त्यात ती जाऊन बसली आणि तिथून आली ती वेगळीच बाई होऊन आली. तिने काय काय केलेलं होतं या वर्षांत, गिऱ्हाइकांना सांगायचं त्यांना ताप आलाय, त्याची उधारी स्वतःच्या भिशीतून फेडायची, रात्री तोंडाचा वास घ्यायचा, खिसे तपासायचे, पोरांना गप्प बसवायचं. तिथे तिला समजलं की तो पडायच्या आत ती प्रत्येक वेळी खाली हात धरत होती, म्हणून त्याला पडल्याचं कधी कळलंच नव्हतं. आणि त्याहून मोठं म्हणजे तिला कुणीतरी विचारलं की तुमची झोप कशी आहे, तुम्ही जेवता का. इतक्या वर्षांत तिला हे माहेरच्यांनीसुद्धा विचारलं नव्हतं हो.

घरी आल्यावरचे दिवस सोपे नव्हते. पिणं थांबतं पण घराची नजर थांबत नाही. तो बाथरूममध्ये जरा जास्त वेळ राहिला की आई दाराशी. दुकानातून अर्धा तास उशीर झाला की पोरगी खिडकीत. तो हसला तरी संशय, गप्प बसला तरी संशय. एकदा तो मला म्हणाला, जळालेल्या मोटारीत दोन-चार कॉइल बदलून भागत नाही, सगळं वाइंडिंग काढून परत भरावं लागतं, आणि तेवढा वेळ मोटार टेबलावर उघडी पडलेली असते, मी तसा पडलोय. मला त्याचं ते बोलणं फार लागलं. कारण प्यायचा तेव्हा तो कसाही वागला तरी चालायचं, आता शुद्धीत होता तर त्याला प्रत्येक गोष्टीचा हिशोब द्यावा लागत होता, जुनी देणी, जुने अपमान, पोरीच्या दहावीला तो कुठे होता ते.

इथे शुक्रवारची मीटिंग कामाला आली. आमच्या गावात अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची मीटिंग होते, सगळे एए म्हणतात. शाळेच्या एका वर्गात, संध्याकाळी. एए ची सुरुवात १९३५ ची, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावात बिल नावाचा एक शेअर बाजारातला माणूस आणि बॉब नावाचा सर्जन, दोघेही अट्टल पिणारे, एकमेकांना भेटले आणि त्यांना कळलं की दुसऱ्या पिणाऱ्याशी बोलत बसलं की आपली पिण्याची ओढ कमी होते. इतकं साधं. फी नाही, नाव-गाव विचारत नाहीत, अट एकच, दारू सोडायची इच्छा पाहिजे. पहिलीच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेली मोठमोठी माणसं, फळ्यावर बाराखडी, आणि एकेक जण उठून म्हणतो, मी अमुक, मी अल्कोहोलिक आहे, आजचा दिवस प्यायलो नाही. बाकीचे टाळ्या वाजवतात. एका ओपन मीटिंगला घरच्यांना बोलावलं होतं तेव्हा मी गेले होते. एक शिक्षक होते, एक ट्रॅक्टर ड्रायव्हर, एक चांगल्या घरातला पोरगा ज्याची मिशीसुद्धा नीट फुटलेली नव्हती. ड्रायव्हर बोलत होता तेव्हा शिक्षक मान हलवत होते. एरवी ही दोन माणसं रस्त्यात एकमेकांकडे बघणारही नाहीत.

पुढे दादा एकदा घसरला. चुलत भावाच्या हळदीला, दिवाळीनंतरच्या सिझनमध्ये, पोरांनी आग्रह केला, एक घे रे काय होतंय. स्लिप म्हणतात तिकडे. रात्री तो घरी आला नाही, आई सुन्न, वहिनी मात्र शांत होती, तिने कुणाला खोटं सांगितलं नाही की फोन करत फिरली नाही. सकाळी कळलं की तो रात्रीच स्वतःहून स्पॉन्सरच्या घरी गेला होता, म्हणजे मीटिंगमधला जो जुना माणूस त्याची जबाबदारी घेतो त्याच्याकडे. पडवीत झोपला. सकाळी त्या माणसाने चहा दिला आणि संध्याकाळी मीटिंगला घेऊन गेला. तिथे त्याने उठून सगळ्यांसमोर सांगितलं. ना कुणी ओरडलं ना कुणी शपथ घ्यायला लावली, परत पहिल्या दिवसापासून मोजायला सुरुवात. मला विचाराल तर दादा सुटला तो पुण्याला गेला त्या दिवशी नाही, तो त्या पडवीत सुटला. कारण याआधी प्रत्येक वेळी पहिल्या घोटानंतर तो लपायला गेला होता, या वेळी सांगायला गेला.

पण हे नशीब किती जणांचं. केंद्र सरकारने एम्सकडून देशभर पाहणी करून घेतली होती, २०१९ मध्ये तिचा अहवाल आला. त्यात आहे की ५ कोटी ७० लाखांहून जास्त भारतीयांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे. आणि दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्यांत अडतिसातल्या एकालाच कुठलीतरी मदत मिळते, अ‍ॅडमिट होऊन उपचार तर १८० मध्ये एकाला. बाकीचे सदतीस कुठे आहेत ते मला माहितीये, ते आमच्या स्टँडवर आहेत, आणि त्यांच्या आया खांबावरचा नंबर लिहून घेतायत. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, बायकांच्या मतदानाने बाटली आडवी केलेली गावं आहेत, त्या बायकांबद्दल मला प्रचंड आदर आहे. फक्त दुकान बंद झालं तरी ज्याचा हात सकाळी थरथरतो त्याचं काय करायचं हा प्रश्न उरतोच, त्याला डॉक्टर पाहिजे, आणि नंतर संध्याकाळी कुणीतरी शेजारी पाहिजे. वांद्र्याला फादर जो परेरांनी १९८१ मध्ये क्रिपा फाउंडेशन काढलं, साताऱ्यात नरेंद्र दाभोलकरांचं परिवर्तन हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, अशी नावं आहेत, कामं मोठी आहेत, पण प्रत्येक तालुक्यातून तिथपर्यंत जायला बसभाडं, सुट्टी आणि कुणीतरी धीर देणारं लागतं. सरकारचा १४४४६ हा व्यसनमुक्तीचा टोल फ्री नंबर आहे, फोन करायला पैसे लागत नाहीत. मी आता जिथे ती जाहिरात दिसेल तिथे शेजारी मार्करने हा नंबर लिहिते. दादाच्या दुकानात त्याने स्वतःच रेट बोर्डाच्या खाली लिहून ठेवलाय. मोटार घेऊन आलेली माणसं मोटारीचं बोलता बोलता त्याकडे बघतात आणि मग खुर्ची ओढून बसतात.

मीटिंगला फार काही लागत नाही. एक खोली, लाइट, चहाचे पैसे ते आपापसात काढतात. आमच्या हेडमास्तरांनी वर्ग दिला म्हणून चालू आहे, नाहीतर आधी मंगल कार्यालयाने नकार दिला होता, बेवडे गोळा होतील म्हणून. घरच्या बायकांसाठी मात्र आमच्याकडे अजून काहीच नाही. वहिनी आणि ट्रॅक्टरवाल्याची बायको दोघी मिळून आता बघतायत, रविवारी दुपारी, पोरं झोपली की. अंगणवाडीच्या ताईंनी किल्ली देते म्हटलंय. पहिल्या रविवारी किती येतील माहीत नाही, ट्रॅक्टरवाल्याची बायको म्हणाली दोघी आहोत तेवढ्या पुरे आहोत सुरुवातीला, तू चहाची पावडर आण मी साखर आणते.